सर्कलवरची निळी सदाफुली

आधीच सांगून टाकतो, फुलांना रंग मीच लावला होता. पुढे उगाच चोर शोधत बसू नका.

मी निंबा. मूळ अमळनेरकडचा, पण सव्वीस वर्षं झाली, सुरतेत पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये आहे, हे घडलं तेव्हा कलर किचनला होतो. किचन म्हटलं की बायको रंजना तोंडाला पदर लावून हसते, कारण घरच्या किचनमध्ये मला मिठाचा डबा सापडत नाही. पण मिलमध्ये साडीवर जो रंग चढतो तो आधी आमच्या किचनमध्ये घोटला जातो. त्यामुळे माझे हात कधी हाताच्या रंगाचे नसायचे. सोमवारी हिरवे, गुरुवारी जांभळे. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस आपलं ताट हळूच लांब सरकवायचा.

दुसरी ओळख म्हणजे मस्करी. आमच्या सोसायटीचा चेअरमन सुकलाल. त्याच्या नव्या स्कूटरला मी लिंबू-मिरचीऐवजी मोसंबी आणि ढोबळी मिरची बांधली होती. तीन दिवस तसाच फिरला, वर सगळ्यांना सांगत होता की गाडी मोठी आहे म्हणून नजरेचं सामानपण मोठं घेतलं. एकदा मी जिन्यात चिठ्ठी लावली, उद्या पाणी बंद. लोकांनी पिंपं भरली, कुकर भरले, एकीने तर पाहुण्यांचा थर्मास भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी नळाला रोजच्यापेक्षा जोरात पाणी! दोन महिने कोणी माझ्याशी धड बोललं नाही. तेव्हापासून मी 'आग लागली' म्हटलं तरी लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग आगीकडे.

हे लक्षात ठेवा. पुढे हेच माझ्या गळ्याशी आलं.

आमच्या सोसायटीच्या तोंडाशी तीन रस्ते मिळतात, मध्ये सर्कल. आधी तिथे फुटक्या पेव्हर ब्लॉकचा ढीग होता, त्यावर टेम्पोवाले पान थुंकायचे. मग महापालिकेच्या झोन ऑफिसच्या गार्डन खात्याने स्कीम काढली. सर्कल लोकांनी सांभाळायचं. रोपं, माती, पाण्याचा नळ त्यांचा. सांभाळायला सोसायटीतलंच एक माणूस, त्याची हजेरी त्यांच्याकडे. सहा महिने बघणार. फुललं तर त्या माणसाचं काम पुढे चालू, नाही फुललं तर सर्कल खासगी एजन्सीला.

ते माणूस म्हणजे सोनाताई.

सोनाताई मागच्या गल्लीत एकटी राहते. नवरा श्रीपत उधन्याला रेल्वेच्या ठेकेदाराकडे होता, तो गेला. मग ती घरी साड्यांचं धागा कटिंग करायची, इथल्या निम्म्या बायका करतात तसं. पण डोळे अधू झाले. दोनदा धाग्याऐवजी साडीच कापली, मग कोणी तिला गठ्ठा देईना. छप्पन वर्षांच्या बाईला मिलमध्ये कोण घेणार? सर्कलचं काम मिळालं तेव्हा ती मला म्हणाली होती, "भाऊ, धाग्याचं टोक मला दिसत नाही. पण फूल दिसतं रे."

रोपं वाटपाच्या दिवशी आमचा टेम्पो उशिरा पोचला. रंगीत माल आधी आलेल्यांनी नेला, आमच्या वाट्याला नुसती पांढरी सदाफुली. तीनशे रोपं. सोनाताईने ती अशी गोल गोल लावली की श्रावण लागला तेव्हा सर्कल म्हणजे दुधाची परात. चहाच्या लारीवरचे, म्हणजे हातगाडीवरचे, ड्रायव्हरसुद्धा तिकडे तोंड करून उभे राहायला लागले. थुंकायला पलीकडे जायचे. सुरतेत याच्यापेक्षा मोठं बक्षीस नाही.

आणि तिथेच घात झाला. श्रावणातला सोमवार, महादेवाला पांढरं फूल. पहाटे साडेपाचला बायका पिशव्या घेऊन आल्या. आपल्यात देवासाठी फूल तोडलं तर ती चोरी धरत नाहीत, हा नियम कोणी केला माहीत नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. 'फुले तोडू नयेत' असा बोर्ड होता, मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही भाषेत. बायकांनी त्याच बोर्डाला पिशव्या अडकवल्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे.

सोनाताई धावत आली. "अहो ताई, नका तोडू. मॅडम बघायला येणारे."

सी ब्लॉकची जयश्री हात न थांबवता म्हणाली, "देवासाठी घेतोय, घरच्या भाजीला नाही. तुमच्यात देव नाही म्हणून आमच्यातपण नसावा का?"

सोनाताई वाकून मोडलेल्या फांद्या वेचायला लागली. मी चहाच्या लारीवरून ऐकलं. त्या वाक्याला उत्तर द्यायचं म्हणजे पूर्ण सोसायटीशी भांडण, आणि भांडणारी बाई कामावर कोण ठेवतं?

त्याच दिवशी झोनच्या दक्षाबेन आल्या. गार्डन खात्याच्या सुपरवायझर. डोक्याला स्कार्फ, हातात पॅड, चेहऱ्यावर सुट्टी कधीच नाही. त्यांनी फुलं मोजली. सतरा.

"फूल किधर है, सोनाबेन?"

सोनाताई म्हणाली, "येतील मॅडम." कोणी तोडली ते सांगितलं नाही. तोडणाऱ्या चौघी मागेच उभ्या होत्या, कपाळाला ताजा अष्टगंध.

दक्षाबेननी पॅडवर काहीतरी लिहिलं. "अगले सोमवार, दस बजे. आखरी बार. फूल नहीं दिखा तो मैं एजन्सी का कागज आगे कर दूंगी."

सुकलालला तर उकळ्या फुटल्या. त्याच्याकडे एजन्सीचं रंगीत पुस्तक होतं. फायबरची फुलं, माणसाएवढी, आतून लाइट पेटतो. "पाणी नको, खत नको, बाई नको," तो मला दाखवत म्हणाला. "नुसता स्विच."

"आणि धूळ बसली की?"

"फडकं मारायचं."

"मग फडकं मारायला बाई लागेल ना, चेअरमन?"

त्याने पुस्तक मिटलं.

आता पुढचा सोमवार कोणता? तर आमच्या कानबाईचा. खान्देशी माणसाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. श्रावणात रविवारी कानबाई घरी बसते, नैवेद्याचे रोट होतात, रात्रभर गाणी, आणि सोमवारी मिरवत तिला बोळवायचं. आमच्या सोसायटीत साठ घरं खान्देशी. म्हणजे त्या सोमवारी पहाटे महादेव अधिक कानबाई. गेल्या खेपेला चौघी आल्या होत्या, या खेपेला चाळीस येणार. सोनाताईला हे माझ्या आधी कळलं होतं. गुरुवारी बघितलं, ती एकेका कळीला हात लावत काहीतरी पुटपुटत होती.

"मंत्र मारते का?" मी विचारलं.

"मोजते," ती म्हणाली. "रविवारपर्यंत चारशेवर फुलतील. सोमवारी सकाळी सहाला एक राहणार नाही. भाऊ, मी काठी घेऊन उभी राहू का?"

"काठी घेतली तर सुकलालला अजून एक कारण."

"मग काय करू?"

 माझ्या डोक्यात खाज सुटली. मला ती खाज ओळखीची आहे. लहानपणी मास्तरांच्या खुर्चीवर खाजकुयली टाकली तेव्हा पहिल्यांदा सुटली होती.

बायका का तोडतात? फूल पांढरं आहे म्हणून. मग ते पांढरं नसलं तर? लाल असतं तर देवीला चाललं असतं, पिवळं असतं तर गणपतीला, विष्णूला. पण निळं? चमकणारा, मिलचा, नायलॉनच्या साडीचा निळा? असलं फूल बघून कोणती बाई ते देव्हाऱ्यात ठेवील?

पॉलिएस्टरचा रंग उपयोगाचा नाही, तो पाण्यात विरघळत नाही, नुसता तरंगतो. नायलॉनचा विरघळतो. किचनच्या वरच्या फळीवर नायलॉनच्या निळ्याचं एक सँपल पाकीट कधीपासून पडलं होतं. शनिवारी त्यातला अर्धा चमचा कागदाच्या पुडीत बांधला आणि जेवणाच्या डब्यात, चटणीशेजारी ठेवला. गेटवर डबा उघडून बघतात, पण चटणी कोणी उघडत नाही. मिलमधून रंग बाहेर नेणं म्हणजे काय, मला माहीत होतं. एका माणसाला टिकलीएवढ्या पावडरीवरून गेटाबाहेर काढलेलं मी स्वतः बघितलंय.

रविवारी दुपारी चार वाजता सगळी सोसायटी रोटांत गुंतली होती. सोनाताई रविवारी दुपारी विहारात जाते, वर्षावासाचं प्रवचन असतं. मी स्टीलच्या वाटीत निळा कालवला, दोन थेंब भांड्याचा साबण टाकला. सदाफुलीची पाकळी मेणचट, साबणाशिवाय रंग धरत नाही. मग एकेक फूल उलटं करून वाटीत बुडवत गेलो. बुडव, झटक, पुढचं. कामाचा हात आहे, तासाभरात चारशे फुलं झाली. कोणी विचारलं तर म्हणत होतो, "औषध मारतोय, किडीचं." चार जणांनी विचारलं आणि चौघांनी नाक धरलं. रंगाला वास नव्हता.

काय दिसत होतं, सांगू! आभाळ ढगाळ, आणि खाली तेवढंच निळं. मला हसू आवरेना.

सोमवारी पहाटे सव्वापाचला मी लारीजवळ दबा धरून बसलो. पिशव्या आल्या. पुढे जयश्री. ती वाकली, हात पुढे केला आणि विंचू दिसल्यासारखी मागे सरकली.

"अगं बाई! हे काय?"

"काल औषध मारत होता कोणीतरी."

"विषारी असेल. नको गं, देवाच्या डोक्यावर विष?"

चाळीस बायका आल्या, चाळीस परत गेल्या. एक फूल गेलं नाही. मी चहाचा पेला तोंडात धरून हसत होतो, चहा नाकातून आला.

तेवढ्यात सोनाताई आली. तिने फुलं बघितली. मग सरळ लारीकडे बघितलं, मी दिसत नसताना. जवळ आली.

"निंबाभाऊ, हे तुझंच."

"चारशेच्या चारशे आहेत का नाही, मोज."

"मॅडमला काय सांगू?"

"नवीन जात आहे म्हणायचं. सुरत स्पेशल."

ती हसली नाही. "मला विचारायचं तरी होतंस, भाऊ. गंमत तुझी होते, काम माझं जातं."

मी म्हटलं, "काही नाही होत, ताई." पण चहा गार लागला.

साडेआठला पाऊस आला. मोठा नाही, आपला श्रावणातला, ऊन असतानाच येतो आणि दहा मिनिटांत जातो. मी कानबाईच्या बोळवणीसाठी सुट्टी घेतली होती, घरी नवा शर्ट घालत होतो. खालून आरडाओरडा ऐकू आला. खिडकीतून डोकावलो आणि शर्टाचं बटन हातातच राहिलं.

सर्कल रडत होतं. प्रत्येक फुलातून निळा थेंब गळत होता. मातीवरून निळे ओघळ, चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या कडेवरून निळे ओघळ, आणि रस्त्यावर खड्ड्यात निळंशार डबकं. टेम्पो गेला की निळा शिंतोडा.

आता हे दुसऱ्या कुठल्या गावात झालं असतं तर लोक म्हणाले असते, कोणीतरी रंग सांडला. पांडेसऱ्यात रंगीत पाणी दिसलं की माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट येते. मिलचं पाणी. मी खाली पोचलो तोवर पन्नास माणसं जमली होती, दहा मोबाइल वर, आणि मध्ये सुकलाल.

"मी म्हणतच होतो!" तो ओरडत होता. "ही बाई मिलच्या गटाराचं पाणी आणून घालते. उन्हाळ्यात मी स्वतः बघितलंय, मिलच्या गेटवरून कॅन भरून आणायची."

"ते पिण्याच्या नळाचं होतं," सोनाताई म्हणाली. "आपला नळ बंद होता तेव्हा."

"मग फुलं निळी कशी? मुळातून चढलंय ते! उद्या आपल्या बोअरला येईल!"

बोअरचं नाव निघाल्यावर गर्दीचा आवाजच बदलला. लेकरांना बायकांनी मागे ओढलं. कोणीतरी म्हणालं, "तिला हात लावू देऊ नका आता झाडांना." सोनाताईच्या हातातलं खुरपं एकाने काढून घेतलं. तिने घेऊ दिलं.

दहाला पाच कमी असताना दक्षाबेनची गाडी आली. त्या उतरल्या, डबकं बघितलं, फुलं बघितली, आणि गाडीतून रिकामी बाटली काढून डबक्यातलं पाणी भरलं. बाटली उजेडात धरली. इतका सुंदर निळा आमच्या मिलच्या रंगमास्तरांना कधी जमला नव्हता. पण आता कौतुक कुठे करू?

"ये लॅब जाएगा," त्या म्हणाल्या. "मिल को नोटीस जाएगी. सर्कल आज से बंद. सोनाबेन, आपने कौनसा पानी डाला?"

"नळाचं, मॅडम."

"झूठ मत बोलिए. मिट्टी से नीला पानी निकल रहा है."

मी गर्दीतून पुढे सरकलो. अजून अंगात मस्तीच होती, वाटलं, एखादी पुडी सोडून देऊ, लोक भुलतील. मी मोठ्याने म्हणालो, "अहो, आज कानबाईचा दिवस! देवीची कृपा असेल! चमत्कार!"

तर जयश्रीने खरंच हळदीकुंकवाची कोयरी काढली आणि सर्कलला हात जोडले. मागून आणखी दोघी. कोणी तरी नारळ आणायला पळालं.

दक्षाबेन किंचाळल्या, "मैं यहाँ आरती करने आई हूँ? हटाओ सबको!" आणि पॅडवर खाडखाड लिहायला लागल्या. पेन असं चाललं होतं की मला दिसलं, प्रत्येक ओळीबरोबर सोनाताई एकेक पाऊल लांब जातेय. आधी सर्कलवरून. मग तिच्या गल्लीतून. मग कुठे, मला पुढचं दिसेना.

मी तिच्या कानाशी गेलो. "ताई, सांग ना त्यांना. माझं नाव घे."

ती समोर बघत हळूच म्हणाली, "रंग मिलचा आहे ना?"

"हो."

"मग गप राहा. तुझं घर त्याच्यावर चालतं."

आयुष्यात पन्नास मस्कऱ्या केल्या, प्रत्येकीत समोरचा मला शिव्या घालायचा. शिव्या मला पचतात. पण हिला सगळं सकाळपासून माहीत होतं, आणि ती माझ्यासाठी तोंड शिवून उभी होती. हे मला पचेना. 

"मॅडम," मी म्हटलं. "रंग मी लावला. वाटीत बुडवून. काल चार वाजता."

 कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच.

"झालं सुरू याचं!" सुकलाल म्हणाला. "मॅडम, याच्यावर विश्वास ठेवू नका. हा पाणी बंदची खोटी चिठ्ठी लावतो. आत्ता चमत्कार म्हणत होता, आता मी केलं म्हणतो."

"खरं सांगतोय! आईशप्पथ!"

"पाण्याच्या वेळीपण आईशप्पथच म्हणाला होतास."

दक्षाबेननी माझ्याकडे बघितलं. "आप इनको बचा रहे हो. सबूत?"

मी दोन्ही हात पुढे केले. बोटं निळी. हेच दाखवायचं होतं, पण हात पुढे करताना माझ्याच लक्षात आलं. नखांत लाल होता, तळव्यावर हिरवा, मनगटाला जुना जांभळा. त्या निळ्याची किंमत शून्य. सव्वीस वर्षं ज्याचे हात रंगीत, त्याच्या हातावरून काय सिद्ध होणार?

"वाटी आणतो!"

"वाटी रंजनाने काल घासली," मागून कोणी म्हणालं, आणि पुन्हा हशा.

जन्मात पहिल्यांदा लोक माझ्यावर हसत होते आणि मला हसू येत नव्हतं. दक्षाबेन पॅडचा कागद फाडायला लागल्या. फाटला असता तर तो झोनला गेला असता, आणि झोनला गेलेला कागद परत येत नाही.

"मॅडम, एक मिनिट."

सोनाताई. ती सर्कलच्या कडेवर चढून आत गेली. कोणी अडवलं नाही. वाकली, एका रोपाशी डोळे अगदी जवळ नेले, मग दुसऱ्या. तिची बोटं पानांतून फिरत होती, जसं कोणी लेकराच्या डोक्यातून उवा बघतं.

"इकडे या."

दक्षाबेन चपला चिखलात घालून आत गेल्या. मीपण मागे.

"हे निळं फूल. हे काल उमललेलं. आणि त्याच फांदीवर हे बघा."

त्याच फांदीवर, निळ्याच्या बाजूला, एक छोटं, नुकतं उघडलेलं फूल. स्वच्छ पांढरं.

"हे आज सकाळचं," सोनाताई म्हणाली. "काल ही कळी होती. कळी कोणी वाटीत बुडवत नाही. रंग मुळातून चढला असता, तर आजचं फूल सगळ्यात आधी निळं आलं असतं. नवं फूल सगळ्यात जास्त पाणी पितं."

मग तिने देठ मोडला. आत हिरवा-पांढरा, चिकट पांढरा चीक. निळ्याचा ठिपका नाही. निळं फूल उलटं करून दाखवलं, पाकळ्या निळ्या, पण मागची नळी पांढरी. रंग माझी बोटं जिथे धरत होती तिथवरच.

दक्षाबेननी स्वतः चार रोपं तपासली. मग सहा. प्रत्येक रोपावर कालचं निळं, आजचं पांढरं. गर्दी हळूहळू कडेपाशी येऊन वाकून बघायला लागली. मोबाइल खाली आले. मग दक्षाबेननी माझ्याकडे मान वळवली.

"क्यों किया?"

"बायका तोडतात म्हणून," मी म्हटलं. "गेल्या सोमवारी सतरा उरली होती ना, ती अशी."

दक्षाबेननी सोनाताईकडे बघितलं. "आपने बताया क्यों नहीं?"

सोनाताई पाकळ्या चोळत राहिली. उत्तर मागून आलं, बारीक आवाजात. "आम्हीच तोडली होती, मॅडम." जयश्री होती. हातात कोयरी तशीच. "ती नको म्हणत होती. मी वाकडं बोलले तिला."

 मग दक्षाबेननी तो अर्धा फाटलेला कागद पॅडवरून ओढून काढला, चुरगाळला आणि कोरा कागद माझ्यापुढे धरला. "लिखके दो. रंग कहाँ से लाए, सब. सही करो. मिल पे शक आया है, तो कॉपी मिल को भी जाएगी."

कारखान्याचा रंग, अर्धा चमचा, चटणीशेजारी. हे माझ्या हाताने, माझ्या सहीने. पेन हातात घेतलं तेव्हा सोनाताईने नुसती मान हलवली, नको म्हणून. मी लिहिलं. चटणीसकट लिहिलं. सही करताना अंगठ्याचा निळा डाग कागदावर उमटला, ते सुकलालला फार आवडलं, म्हणाला, "शिक्कापण मारला."

दक्षाबेननी स्वतःच्या कागदावर काय लिहिलं, ते मी उलट्या बाजूने वाचलं. फूल पर्याप्त. सफाई अच्छी. देखभाल बहुत अच्छी. लोगों का सहभाग, आणि इथे त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि लिहिलं, जरूरत से ज्यादा.

"सोनाबेन का काम चालू," त्या गाडीत बसताना म्हणाल्या. "और ये सब नीले फूल अभी निकलेंगे. ये अकेला निकालेगा."

सुकलालने एजन्सीचं पुस्तक काखेत दाबलं आणि निघून गेला. ज्याने खुरपं काढून घेतलं होतं, त्याने ते पुसून सोनाताईच्या हातात दिलं.

मग मी चारशे निळी फुलं एकट्याने खुडली. सोनाताई शेजारी उभी राहून फक्त एवढंच म्हणत होती, "पांढऱ्याला हात लावू नको. ए, कळी मोडशील."

तेवढ्यात वाजतगाजत कानबाई निघाली. पुढे ढोल, मागे बायका, डोक्यावर सजवलेली देवी. रंजना हातात ताट घेऊन सर्कलपाशी थांबली. तिने माझा नवा शर्ट बघितला. पांढरा होता सकाळी.

"तुम्हना डोकामा भुसा भरेल शे का?" ती ढोलावर आवाज चढवून म्हणाली. "रंगाडानी काय गरज व्हती? नुस्तं हुंगी टाकतात ते पुरं व्हतं. हुंगेल फूल देवले चालस का कधी?"

मी चिखलात तसाच बसून राहिलो. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही! आईने शंभर वेळा कानफटात मारून शिकवलं होतं. रंग नको, साबण नको, चटणी नको. नुसतं नाक.

मंगळवारी मिलमध्ये मास्तरांनी कलर किचनची किल्ली काढून घेतली. सव्वीस वर्षांची आब म्हणून गेटाबाहेर नाही काढलं, घडी खात्यात टाकलं. आता दिवसभर साड्यांच्या घड्या. हात हळूहळू हाताच्या रंगाचे होतायत. परवा बारशाच्या पंगतीत शेजारच्याने ताट सरकवलं नाही, मलाच चुकल्यासारखं झालं.

आणि सोमवार. पाचला मी सर्कलवर असतो. सोनाताई एका कडेने, मी दुसऱ्या कडेने. बायकांच्या पिशव्या वळणावर दिसल्या की मी वाकतो आणि एकेका फुलाला नाक लावून मोठ्याने, गल्लीभर ऐकू जाईल असा श्वास ओढतो. सदाफुलीला वास नसतोच. पण हुंगलं ते हुंगलं.

"मेल्या, तुझ्या नाकाला कीड लागो!" जयश्री लांबूनच ओरडते.

"ताई, ती पलीकडची ओळ राहिलीय," मी सोनाताईला सांगतो.

"तिकडची नको," ती म्हणते. "ती ओळ जयश्रीसाठी ठेवलीय. मोजून वीस."

गेल्या सोमवारी दोन नव्या बायका पावणेपाचलाच आल्या. म्हणून आता मी साडेचारला उठतो.